उजवा हात आणि दादर ते चौपाटी

साताऱ्याला आमच्या धावणाऱ्या मंडळींचा कोच आहे समीर, वयाने माझ्या मुलीएवढा. सात-आठ महिन्यांपूर्वी त्याने मला माझाच व्हिडिओ दाखवला. "मावशी, डावा हात झकास हलतोय. उजवा मात्र बगलेत पर्स असल्यासारखा धरलाय तुम्ही."

पन्नाशीला धावायला लागले, आता सत्तावन्न चालू आहे. मागे वळून बघितलं तर स्वतःचं कौतुकच वाटतं. गुडघे शाबूत आहेत, धाप लागत नाही, सहा-सात किलोमीटर गप्पा मारत होतात. पण त्यापुढे उजवा खांदा भरून येतो आणि मी चालायला लागते. मुलगी म्हणते, सात पुरे की या वयात. मला पुरे नाहीत. मला एकवीसची अर्धमॅरेथॉन पळायची आहे, तीही आमच्या घाटात. म्हणून ठरवलं: आधी मुंबईत, सपाट रस्त्यावर, दादर ते गिरगाव चौपाटी हे नऊ-एक किलोमीटर एकदाही न चालता जायचं. जमलं तर नाव नोंदवायचं, नाहीतर मुलीचं ऐकायचं.

मुंबईच का? कारण मी पळायला लालबागमध्ये शिकले.

शनिवारी पहाटेची एसटी धरली आणि जेवायच्या वेळेला दादरला उतरले. स्टेशनजवळचा लॉज साताऱ्याच्या मानाने डोळे पांढरे करणारा, पण स्वच्छ. पहाटे दार कोण उघडून देणार, हे मात्र खोली घेतानाच विचारून ठेवा. संध्याकाळी लालबागला गेले. मसाल्याच्या गल्लीत शिंका देत मालवणी मसाला घेतला, चिवडा घेतला. वडील कामाला होते त्या गिरणीच्या जागी काचेचा टॉवर उभा आहे. त्यामागची चाळ अजून आहे आणि चाळीत बाबलकाका आहेत.

आमची आई चाळीतल्या खोलीत खानावळ चालवायची. गावाकडे कुटुंब ठेवून गिरणीत राबणारे पुरुष तिच्याकडे जेवायचे. बाबलकाका त्यातलेच. मालवणचा माणूस, आमच्या घाटावरच्या रश्श्याला रोज नावं ठेवून रोज चाटूनपुसून खायचा. दुपारच्या सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत त्यांचा डबा गेटवर पोचवणं हे माझं काम. डबा उजव्या हातात. आमटी सांडली तर आईचा धपाटा ठरलेला, म्हणून तो हात अंगाला धरून पळायचं. समीरच्या व्हिडिओत मला दिसला तो हाच हात.

काकांना मी गॅलरीत चार पावलं पळून दाखवलं आणि सहा महिने व्यायाम करूनही हा हात सुटत नाही म्हटलं. ते आधी हसले, मग संपाचं सांगायला लागले. भोंगा बंद, खानावळ बंद, हे सगळे नुसते गेटसमोर बसलेले. मी तरी शाळा सुटली की पळत तिथे जायची. "हातात काय नसायचा, तरी हात तसोच," काका म्हणाले. पहिल्यांदा सगळे हसायचे म्हणे. नंतर कोणी हसेना. त्याच सालात वडिलांनी आम्हाला गावी पाठवलं. मला यातलं काहीच आठवत नव्हतं.

मग त्यांनी माझा उजवा हात धरून हलवला.

"आता डबो कोणाक पोचवूचो आसा? माझा जेवाण झाला गो. सोड हात."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्यांच्या सुनेने सोलकढी आणून दिली, ती दोन ग्लास प्यायले.

रविवारी उजाडताना दादर टीटीच्या चौकातून निघाले. फुलबाजाराच्या बाजूने सुरुवात करू नका, त्या वेळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. परळपर्यंत रस्ता मोकळा आणि रुंद. लालबागला पुलाखालून गेले. चिंचपोकळीनंतर फुटपाथ उखडलेला आहे, खाली बघून पळा. पाण्याची बाटली सोबतच हवी. भायखळ्याला खांदा भरून येतो का, याची वाट बघत होते. आला नाही. उजवा हात पुढे-मागे जात होता, जरा बावळटासारखा, पण जात होता. नागपाड्यावरून ऑपेरा हाऊस गाठलं. तिथून चौपाटीकडे जाताना रेल्वेवरचा पूल लागतो, तिथल्या चढावर पाय बोलायला लागले. पाय बोलले तर बोलू देत, खांदा गप्प होता. वाळू लागेपर्यंत मी चालले नाही.

ठाकूरद्वारला घामेजल्या कपड्यांतच मिसळ खाल्ली, वर साबुदाणा वडा. संध्याकाळच्या एसटीने परत.

घरी आल्यावर अर्धमॅरेथॉनला नाव नोंदवलं. मुलीला नंतर सांगितलं, म्हणजे वाद घालायला काही उरलं नाही. वेळेचं ध्येय यंदा ठेवलेलं नाही, घाट चालत चढायचा नाही एवढंच ठेवलंय. समीरने नवा व्हिडिओ काढला आणि कोणता व्यायाम लागू पडला म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझे एक काका जेवले.