बबनकाकांचा पोळपाट

बबनकाकांवर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. त्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या कुणीतरी लिहायला हवं होतं. पण आमच्या गल्लीत कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून धीर करतोय. चुकलं तर क्षमा करावी.

धायरीत आमच्या घराशेजारी त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. नवीन काही बनवलं की काका शटरबाहेर यायचे आणि जो पहिला दिसेल, दूधवाला असो की कुरियरवाला, त्याच्या हातात ती वस्तू ठेवायचे. "चालवून बघ," म्हणायचे. "दुसऱ्याच्या हातात दिल्याबिगर वस्तू पुरी होत नाय."

काकींचा उजवा हात लकव्याने गेला, तेव्हा काकांनी एका हाताने पोळी लाटता येईल असा पोळपाट बनवायला घेतला. तो ओट्याला घट्ट बसायचा आणि लाटण्याचं एक टोक कडेच्या खुंटीत फिरायचं. सहा पोळपाट फसले. काकी म्हणायच्या, "माझा हात राहू द्या, आधी तुमचं डोकं दाखवा डॉक्टरला." सातव्यावर पोळी गोल आली. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि कुणालाही न विचारता, अभिमानाने इंटरनेटवर टाकला.

पुढे भांड्यांचा एक कारखानदार काकांना म्हणाला, "पेटंट घ्या, मग आपण हजारोंनी बनवू." काका सगळ्यांना सांगत सुटले, "काकीसारख्या किती बाया असतील रं!"

आम्ही दोघं शनिवार पेठेत एका पेटंट एजंटांकडे गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आधी हे सांगा, कुणाला दाखवलंत?" एजंटांनी विचारलं.

"गल्लीत समद्यांना."

"अहो, शोध लावलात की वास्तुशांत घातलीत?" त्यांनी चष्मा काढला. "गल्लीचं नंतर बघू. इंटरनेटवर काही टाकलंय? अर्जाआधी जगाने पाहिलेली वस्तू कायद्याला नवी वाटत नाही."

काका माझ्याकडे बघून हसले. "ते ह्याला विचारा, साहेब. कॉलेजात जातो आमचा."

मी म्हणालो, "नाही."

घरी येऊन मी तो व्हिडिओ काढून टाकला. खरं बोललो असतो तरी पेटंट मिळालं नसतं, हे आता कळतं. पण काकांनी दीड वर्ष वाट तरी पाहिली नसती.

अर्ज भरताना एजंटांनी बजावलं होतं, आता कुणाला दाखवू नका. काकांनी ते अक्षरशः पाळलं. वर्कशॉपचं शटर अर्धं खाली आलं. दूधवाला वाकून विचारायचा, "काय नवीन, काका?" ते पोळपाटावर फडकं टाकायचे. अर्जावर ई-मेल माझा होता, म्हणून येता-जाता मला विचारायचे, "आलं का रं काय?" मी मान हलवली की उलट मलाच समजवायचे, "सरकारी काम हाय. नीट बघत असतील."

ते खरंच नीट बघत होते. दिवाळीनंतर काका अचानक हृदयविकाराने गेले. परवा पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल एजंटांमार्फत मेलवर आला. पहिलाच आक्षेप होता, ही वस्तू अर्जाआधीच जाहीर झालेली आहे. खाली एक लिंक. मी काढून टाकण्याआधी कुणीतरी माझा व्हिडिओ उतरवून आपल्या पानावर टाकला होता.

मेल वाचला तेव्हा मी काकींच्या स्वयंपाकघरात उभा होतो. त्यांच्या डाव्या हाताला पीठ होतं. "काय आलं रं?" त्यांनी विचारलं. मी मोबाइल खिशात घालायला गेलो. लिंकवर बोट लागलं, आणि काकांचा आवाज आला, "घ्या, तुम्ही बी करून बघा. अवघड नाय."