टेंभुर्णीहून परत येताना

आमची पिकअप आमच्याकडे आली तेव्हाच जुनी होती. माझे यजमान आणि त्यांचे दोस्त, दोघांनी मिळून भागीत घेतलेली. रंग पांढरा म्हणायचा, पण हौद्याच्या कडा गंजून तांबूस झाल्या होत्या. डाव्या दाराला आतून उघडायची कडीच नव्हती. डावीकडे बसणाऱ्याने खिडकीतून हात बाहेर काढून दार उघडायचं, नाहीतर चालवणाऱ्याने उतरून, पुढून वळसा घालून उघडून द्यायचं. काच वर राहावी म्हणून फटीत पुठ्ठ्याची घडी खोचलेली असायची. थंडीत सेल्फ लागत नसे. मग गल्लीतली दोन-चार माणसं कुणी न बोलावता येऊन मागून ढकलायची, आणि गाडी खोकत खोकत कोपऱ्यापर्यंत गेली की परत आपापल्या कामाला लागायची.

यजमानांचे दोस्त म्हणजे आमचे भाई. मी त्यांना भाई म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. ते मुसलमान, आम्ही लिंगायत. राहायला आमच्या मागच्याच गल्लीत. दोघं तरुणपणी एका गोदामात हमाली करायचे, तिथली दोस्ती. पुढे दोघंही ड्रायव्हर झाले आणि मग ही गाडी. सकाळी एमआयडीसीतल्या कारखान्यांतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला टाकायचे, हंगामात माढा-मोहोळकडून डाळिंबं, कांदा मार्केट यार्डात आणायचा. जाताना एकाने चालवायची, येताना दुसऱ्याने, असा त्यांचा रिवाज होता. त्यात कधी वाद झालेला मी पाहिला नाही.

घरात आम्ही तिघंच. यजमान, मी आणि माझी सासू, जिला सगळे अव्वा म्हणतात. आम्हाला मूलबाळ नाही. मी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवत असे. अव्वाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे तिचं बोलणं निम्मं कानडी. भाईंना हमालीच्या दिवसांपासून कानडी येत होतं. ते आले की अव्वा त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची. कुठे लग्नाला, जत्रेला जायचं झालं तर अव्वा पुढे सीटवर आणि मी मागे हौद्यात सतरंजीवर, बाकीच्या बायकांबरोबर.

उन्हाळ्याचे दिवस होते. यजमानांना आधीपासून छातीचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या. त्या दिवशी सकाळी दोघं टेंभुर्णीकडे डाळिंबाचे क्रेट आणायला निघाले. निघताना यजमान काही वेगळं बोलले नाहीत. चहा जास्त गोड झालाय म्हणाले, एवढंच.

जेवणाच्या सुमाराला भाईंचा फोन आला.

"वहिनी, घरीच हाव का?"

मी हो म्हणाले.

"आमी येतोय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आमी येतोय, असं म्हणाले. मला वाटलं, माल मिळाला नसेल, रिकामेच परतले असतील. मी आणखी दोन भाकरी टाकल्या.

गाडीचा आवाज आला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मी दारात आले. भाई उतरले, नेहमीसारखे पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आले. पण त्यांनी दार उघडलं नाही. दाराला पाठ लावून उभे राहिले. आत यजमान बसलेले दिसत होते, मान मागे टेकलेली, तोंडावर रुमाल. त्यांच्या छातीवरून एक चादर सीटच्या मागे नेऊन बांधली होती. मला आधी ती चादरच दिसली आणि वाटलं, एवढ्या उन्हात ही कशाला गुंडाळलीय.

"वहिनी," भाई म्हणाले, "आदी अव्वाला धरा."

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. अव्वा माझ्या मागूनच बाहेर आली होती आणि मी तिला धरलं नाही, तिनेच मला धरलं. शेजारची माणसं धावली. भाईंनी दार उघडलं, चादर सोडली, आणि चौघांनी मिळून त्यांना बसल्या अवस्थेतच उचलून घरात आणलं.

आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवतात. नेतात तेही बसवूनच आणि मातीतही बसवूनच ठेवतात. आमचे सासरे गेले तेव्हा भाईंनी हे सगळं पाहिलं होतं. नंतर त्यांनी यजमानांना त्याबद्दल विचारलंही होतं.

टेंभुर्णीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून माणूस गेला म्हणून सांगितलं, तेव्हा तिथली अँब्युलन्स दुसरीकडे गेली होती. लोक म्हणाले, तुमचा हौदा रिकामाच आहे, ताडपत्री अंथरा आणि निजवून घेऊन जा. भाईंनी ऐकलं नाही. आडवं नेलं आणि अंग आखडलं तर घरी बसवायचं कसं, हे त्यांच्या मनात होतं. शिवाय ज्या हौद्यात दोघांनी जन्मभर माल वाहिला, तिथे त्याला एकट्याला मागे टाकून आपण पुढे बसायचं, हे त्यांना जमणार नव्हतं. म्हणून त्यांनी त्याला त्याच्या जागेवर बसवलं. टोलनाक्यावरच्या माणसाने वाकून बघितलं आणि पाव्हणे झोपले का म्हणून विचारलं. भाई म्हणाले, व्हय, दमलाय. हे सगळं त्यांनी मला चार-पाच दिवसांनी, अंगणात मान खाली घालून सांगितलं. शेवटचं काही बोलले का, असं मी विचारलं. न्हाय वहिनी, टेंभुर्णीच्या अलीकडं गाडी जरा थांबवली होती, तितंच शांत गेला, म्हणाले.

त्यानंतर गाडी आमच्या दारासमोर तशीच उभी राहिली. भाईंनी चावी खिळ्याला अडकवली आणि ते दुसऱ्याच्या टेम्पोवर जाऊ लागले. नातेवाईक म्हणाले, विकून टाका, अशी गाडी दारात ठेवू नये. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. खिडकी उघडली की समोर तीच, म्हणून मी मशीन आतल्या खोलीत नेलं.

अव्वाचं उलटं होतं. ती सकाळची कामं उरकली की सुपात डाळ घेऊन बाहेर जायची, बाहेरून डावं दार उघडायची, पायरीवर पाय देऊन कशीबशी वर चढायची आणि त्या सीटवर बसून डाळ निवडायची. बायका मला सांगायच्या, सासूला आवरा, हे बरं दिसत नाही. मी एकदा तिला आत चल म्हणाले.

"हितं बसला होता की," ती म्हणाली. "हितं बसले तर काय बिघडतंय?"

मी एकटीच आत आले.

पावसाळा संपल्यावर भाई एक दिवस आले. गाडी उभी राहिली की सडते, म्हणाले. टायर बसलेत, बॅटरी गेलीय. एकतर काढून टाकू, नाहीतर मी चालवतो आणि दुसरा कुणी गडी जोडीला घेतो. दुसरा कुणी म्हटल्यावर मी विचार न करता बोलून गेले की मी शिकते. मला वाटलं, भाई हसतील किंवा समजूत घालतील. ते म्हणाले, "रविवारी सकाळी तयार राव्हा."

होटगी रस्त्याच्या पलीकडे एक मोकळं मैदान होतं, तिथे मी शिकले. नवी गाडी शिकणं वेगळं आणि ही वेगळी. हिचा क्लच इतका कडक होता की घरी आल्यावर डाव्या पायाची पोटरी थरथरत राहायची. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना जरा थांबावं लागायचं, घाई केली की करकर आवाज यायचा. भाई फारसं बोलत नसत. चुकलं की हाताने दाखवायचे. गाडी चालवणाऱ्या बायकांत मी पहिली किंवा धाडसी वगैरे नव्हते. शिकवताना ते डावीकडे बसायचे, आणि मी चुकूनही त्या बाजूला बघायची नाही.

लायसन्स आलं. मी एमआयडीसीत गठ्ठे भरायला जाऊ लागले. तिथल्या एका तेलुगू कारखानदाराने पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून विचारलं, ड्रायव्हर कुठाय? मग कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून मला अक्का म्हणू लागला.

एके दिवशी जेवताना अव्वा म्हणाली, "मला टेंभुर्णीला ने. कुटं थांबली होती गाडी, ते बगायचंय."

मी टाळलं. तिने दोन दिवसांनी पुन्हा म्हटलं. मग भाईंना विचारलं. ते यायला तयार झाले. अव्वा डावीकडे, भाई मध्ये अंग चोरून आणि मी चालवायला. हायवेवर इतकं लांब मी पहिल्यांदाच चालवत होते.

टेंभुर्णीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीजवळ भाई म्हणाले, हितं. रस्त्याकडेला कडुनिंबाचं झाड होतं. मी गाडी सावलीत घेतली, उतरून दार उघडलं, अव्वाला धरून खाली घेतलं. तिने झाडाकडे बघितलं, टपरीकडे बघितलं, रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांकडे बघितलं. मग बाकड्यावर बसली आणि भाईंना म्हणाली, "आता खरं सांग. काय म्हणाला?"

भाई उभेच होते. ते खाली मातीत उकिडवे बसले.

येताना नव्हे, जातानाच दुखायला लागलं होतं, त्यांनी सांगितलं. यजमानांना घाम फुटला, म्हणून चालवायला भाई बसले होते. दवाखाना पुढे गावात होता. इथे आल्यावर यजमान म्हणाले, जरा थांब, गाडी बंद कर, आवाज सहन होत नाही. भाईंनी बंद केली. पाणी आणायला उतरू लागले तर यजमानांनी मनगट धरलं.

"म्हणाला, उतरू नको. बस हितंच," भाई म्हणाले. "मी बसलो. लई जोरात धरलं होतं त्यानं. थोडं बरं वाटंल, मग निघू, असं वाटलं मला. अव्वा, मी थांबायला नको होतं. तसाच पुडं गेलो असतो तर..."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. टपरीवाला हातातला कप तसाच धरून आमच्याकडे बघत होता.

अव्वाने हात पुढे केला आणि भाईंच्या डोक्यावर ठेवला.

"साकू," ती म्हणाली. पुरे. "बस म्हणाला, तू बसलास. एकटा न्हाय गेला."

परतीच्या वाटेवर अव्वा झोपली. मी मात्र स्टिअरिंग घट्ट धरून होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दवाखाना पुढे होता आणि गाडी बंद केली. अव्वाने ज्या सहजपणे माफ केलं, तसं मला जमलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी भाईंशी कामापुरतं बोलत होते. किती गठ्ठे, कुठे टाकायचे, डिझेल भरलं का. त्यांना कळत होतं. ते सकाळी चावी घ्यायला यायचे ते उंबऱ्याबाहेरूनच हाक मारायचे. पूर्वी सरळ आत येऊन अव्वाशेजारी बसायचे.

एका दुपारी मी शिवत बसले होते. अव्वा जवळ येऊन बसली, कापडाच्या चिंध्या गोळा करू लागली. मग कानडीत म्हणाली, मी इथे मराठीत लिहिते: तुझा हात धरून तो बस म्हणाला असता, तर तू उठली असतीस का?

मशीनवरचा माझा पाय थांबला. मी खरंच विचार केला. उठले असते, असं म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं. मला माहीत होतं, मी उठले नसते. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले असते आणि त्यांना बरं वाटण्याची वाट बघितली असती, भाईंनी बघितली तशीच. टेंभुर्णीचे डॉक्टर भाईंना म्हणाले होते की लवकर आणलं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही. तेही मी इतके दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाई बाहेरून हाक मारून उभे राहिले. चहा टाकलाय, आत या, असं मी म्हणाले. ते आले. चप्पल काढताना त्यांना जरा वेळ लागला. अव्वा त्यांच्याशी पाण्याबद्दल, नळ कधी येतो त्याबद्दल बोलत राहिली. मी कप ठेवला आणि म्हणाले, "भाई, तुम्ही होता म्हणून बरं झालं." ते चहा बशीत ओतून पीत राहिले आणि त्यांनी डोळे पुसले.

आता आम्ही दोघं ही गाडी चालवतो. सकाळच्या खेपा त्यांच्या, दुपारच्या माझ्या. लांबचा माल असला की दोघंही जातो. अव्वाचे गुडघे गेलेत, तिला वर चढवत नाही. डाळ ती आता उंबऱ्यावर बसून निवडते. मध्यंतरी गाडीचं पासिंग पुन्हा करून घेतलं. पुढच्या वेळी होईल असं वाटत नाही, असं मेकॅनिक सांगतो. खालून चेसिस गंजाने खाल्लीय. पुढची गाडी घ्यायची का, घ्यायची तर कशी, यावर भाई आणि मी अजून बोललेलो नाही.

चालवताना मला यजमान आठवत नाहीत. समोर रस्ता असतो, म्हशी असतात, उसाच्या ट्रॉल्या असतात, मन दुसरीकडे जात नाही. आठवतात ते दारात गाडी लावून इंजिन बंद केल्यावर. एकदम शांत होतं. मग मी चावी हातात घेऊन थोडी बसून राहते, आणि अव्वा उंबऱ्यावरून विचारते, वाढू का.