रस्त्यावर मांडलेल्या खुर्च्या

वेताच्या खुर्च्या विणून देणाऱ्या बाईंना सगळी गल्ली ताई म्हणते. वय त्रेपन्न. बसायला ठेंगणं स्टूल, पायाशी पाण्याची बादली, तिच्यात भिजत घातलेला वेत. कोरडा वेत वाकवला की कडकन तुटतो. ‘आमच्या बाबांसारखा,’ असं त्या गिऱ्हाइकांना सांगतात.

बाबा एक्याऐंशीचे. रोज दुपारी चारला रस्ता ओलांडून समोरच्या घड्याळवाल्याकडे बुद्धिबळ खेळायला जातात. पण मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला गाड्या या गल्लीत शिरत आणि सुसाट सुटत. एकीने बाबांची काठी उडवली. बाबा वाचले, काठीचे दोन तुकडे झाले.

धाकट्या भावाचा लगेच फोन आला. ‘‘ताई, महिनाअखेर मी बाबांना न्यायला येतोय. आमचा बारावा मजला, तिथे गाडी येत नाही.’’

‘‘गाडी येत नाही आणि माणूसही येत नाही,’’ ताईंच्या शेजारी बसलेले बाबा फोनकडे तोंड करून ओरडले. ‘‘मला शह कोण देणार? कबुतरं?’’

ताईंनी गतिरोधकासाठी नगरपालिकेत अर्ज केला. इंजिनिअरने नियम सांगितला: आधी वेग मोजायचा, सरासरी तीसच्या वर गेली तरच गतिरोधक. एका सकाळी त्याच्या माणसांनी रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या टाकल्या.

आणि गल्लीने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. नळ्या कशा मोजतात ते बघायला तीन दिवस सगळे दारात. निवृत्त शिक्षिका वही घेऊन, घड्याळवाला स्टॉपवॉच घेऊन, ताई स्टूल घेऊन. एवढे डोळे रोखलेले पाहून जो तो ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवी. सरासरी आली बावीस. अर्ज नामंजूर.

‘‘अहो, आम्ही बघत होतो म्हणून ते हळू गेले!’’ ताई म्हणाल्या.

‘‘मग बघत राहा,’’ इंजिनिअरने फाइल मिटली.

त्याने टोमणा मारला होता. ताईंनी तो सल्ला म्हणून घरी आणला.

घरासमोर गाडी उभी करायचा परवाना त्यांच्याकडे बाबा गाडी चालवायचे तेव्हापासून होता. गाडी कधीच विकली होती. तिच्यासाठी रस्त्यावर आखलेल्या चौकोनात त्यांनी स्टूल, बादली आणि बैठक उसवलेल्या सहा खुर्च्या मांडल्या. समोर, जरा पुढे, घड्याळवाल्याने स्वतःच्या चौकोनात टेबल टाकलं. आता गाडीला आधी उजवीकडे वळावं लागे, मग डावीकडे, आणि दोन्हीकडे कुणीतरी चष्म्यावरून बघत असे.

पहिला आठवडा हॉर्नचा गेला. एकाने काच खाली करून विचारलं, ‘‘बाई, हा रस्ता आहे की दिवाणखाना?’’

‘‘बसून बोला की. ती नको, तिला बूड नाही.’’

तो हसला नाही. पण रविवारी घरच्या दोन खुर्च्या विणायला घेऊन आला.

महिनाअखेर भाऊ आला तेव्हा चार वाजले होते. त्याची गाडी खुर्च्यांपाशी रांगायला लागली. पुढ्यात, रस्त्याच्या मधोमध, बाबा. सवयीने त्याने हॉर्न वाजवला. बाबा थांबले. लांबचा चष्मा खिशात असल्याने गाडीत कोण आहे ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी नवी काठी काचेसमोर नाचवली. ‘‘घाई असेल तर उडत जा!’’

भावाने इंजिन बंद केलं. बाबा सावकाश पलीकडे पोचले. ताईंनी विणीतून हात काढला नाही.

‘‘हे रोज असे मधोमध उभे राहतात?’’ भावाने उतरून विचारलं.

‘‘छे! कुणी हॉर्न वाजवला तरच.’’

मागून आलेल्या दोन गाड्या मुकाट थांबल्या होत्या. त्यांच्याकडे भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग त्याने गाडी कडेला लावली. बाबांच्या कपड्यांसाठी आणलेली रिकामी बॅग डिकीतच राहू दिली आणि बाबांना चहाला बोलवायला समोर गेला. तो दीड तासाने परतला, बाबांच्या मागोमाग, मान खाली घालून.

‘‘चौदा चालींत मात,’’ बाबांनी ताईंना सांगितलं. ‘‘याला चार दिवस इथेच ठेवून घे. बाराव्या मजल्यावर पार गंजलाय.’’