ऑर्सोलाची एक उकळी

आमच्या टांकसाळीत ऑर्सोला चांदीच्या चकत्या उकळायची. द्राक्षाच्या दारूच्या पिंपात आंबट खडा साचतो, तो आणि मीठ पाण्यात घालून. ठसा मारण्याआधी चकती भाजायची, उकळायची, परत भाजायची, परत उकळायची. दर उकळीला वरचं तांबं थोडं आणखी खोलवर निघून जातं आणि हिणकस चकतीसुद्धा पांढरीशुभ्र दिसते. मी घणावर होतो, चकत्या तिच्याकडून माझ्याकडेच यायच्या.

तिचा नवरा तादेओ भट्टीवर होता. एकदा ड्यूकच्या तपासणीत चांदी कमी भरली. ती खाल्ली होती ठेकेदार प्रोस्पेरोने, पण त्या हरामखोराने सरळ तादेओकडे बोट दाखवलं. तादेओचा उजवा हात तोडला, जखम चिघळली आणि तो गेला. थोड्याच दिवसांत ऑर्सोला कामावर हजर.

"लाज कुठे विकून आलीस गं?" मी विचारलं.

"हे पातेलं मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, बास्तियान," ती म्हणाली. मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

पुढे ड्यूकच्या मुलीचं लग्न निघालं. सज्जातून लोकांवर नवे लिरे उधळायचे होते. प्रोस्पेरोने निम्मं तांबं ओतलं. ऑर्सोलाने चकत्या भाजल्या, एकदाच उकळल्या आणि माझ्यापुढे सरकवल्या. दिसायला पांढऱ्याच. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"बघतोस काय? घाल घण."

घातला. तादेओ गेल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

लिरे फरसबंदीवर पडले, त्यांवर माणसं पडली. ओढाताणीत, टाचांखाली घासून नाण्यावरच्या ड्यूकचं नाक लालभडक झालं. चौकभर लोक हसत होते. ड्यूक हसला नाही.

न्यायाधीशापुढे प्रोस्पेरोने सवयीने बोट दाखवलं. "हिचा दोष, सिन्योर. दोनदा उकळायचे ते हिने एकदाच उकळले."

"एकदाच उकळले," ऑर्सोला म्हणाली. "ड्यूकसाहेबांनी ठरवलेल्या चांदीला एक उकळी पुरते."

न्यायाधीश प्रोस्पेरोकडे वळला. "मग तुला दोन कशाला लागायच्या?"

प्रोस्पेरोचं बोट हळूच खाली आलं.

त्याचा उजवा हात ओंडक्यावर ठेवला तेव्हा ऑर्सोला सगळ्यांच्या पुढे उभी होती. "तेच बोट," ती मला म्हणाली, आणि कुऱ्हाड पडेपर्यंत तिने नजर हलवली नाही.