प्रतिजैविक म्हणजे आपलीच गोळी

ये, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, माझ्या शेजारी बस आणि आधी बोलणी खा. धुळ्यात बसून मोबाईलवर पेपरातल्या बातम्या पाठवतेस आणि खाली लिहितेस, ‘आजी, हे वाच, आबांना वाचून दाखव.’ अगं पोरी, तेच तर झालं. मी वाचून दाखवलं होतं.

तुला ठाऊक आहे, मी शाळेत गेले नाही. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून मला अक्षरं लागली. तेव्हापासून सकाळी चहाबरोबर पेपर मोठ्यानं वाचायचा हे माझं काम, आणि मध्येच बोलायचं हे तुझ्या आबांचं. आधी केळीचे भाव, मग कोण गेलं ते, मग उरलेलं.

गेल्या उन्हाळ्यात एका पानावर हे मोठं छापलेलं, ‘प्रतिजैविकांचा अतिवापर घातक’. शेजारी डोळे वटारलेल्या, हिरव्या, काटेरी किड्याचं चित्र. मी त्या शब्दावर अडखळले. आबांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, “ही कीड आपल्या केळीवर नाही. शेताचं आहे ते. जैविकच्या उलट ते प्रतिजैविक, म्हणजे रासायनिक. आपण जैविक खतवाले, आपल्याला काय भीती?”

“खाली बारीक अक्षरांत डॉक्टर असं काहीतरी दिसतंय,” मी म्हटलं.

“पिकांचेही डॉक्टर असतात. तुला चष्मा बदलायला झाला. भाव वाच.”

माझं माहेर धुळ्याकडचं, चिडले की तिकडची बोली तोंडात येते. “बठ्ठं तुम्हनंच खरं शे!” सगळं तुमचंच खरं, असं म्हटलं आणि पान उलटलं. दोघंही हसलो.

त्याच दिवसांत बागेत त्यांच्या पायाला विळा लागला होता. साखर असल्यानं जखम भरेना. मेडिकलवाल्याकडून पॉवरची गोळी आणली. ठणका थांबला की गोळी बंद, उरलेल्या डब्यात. पुन्हा पू आला की डब्यातल्याच दोन. माझी दाढ दुखली तेव्हा मीही त्यातल्याच घेतल्या. शेजारणीच्या सुनेला खोकला झाला, तिलाही मीच चार दिल्या, वर ‘लगेच उतार पडेल बघ’ म्हणून मोठेपणा मिरवला. आमच्याकडे ती पॉवरची गोळी. फार तर अँटिबायोटिक. प्रतिजैविक म्हणून तिला आमच्या घरात कुणी कधी हाक मारली नव्हती.

आता जळगावच्या दवाखान्यात तिसरा आठवडा लागलाय. पू तपासायला दिला होता, त्याचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी एकेका नावावर बोट ठेवलं. हे औषध चालणार नाही, हे नाही, हेही नाही. इंग्रजी मला येत नाही, पण नावांपुढे एकच अक्षर वरून खाली उतरत गेलेलं दिसत होतं. शेवटी दोन औषधं उरली. त्यातलं एक सलाईनमधून चालू आहे.

“असं कसं हो झालं?” मी विचारलं.

“आजी, प्रतिजैविकं अर्धवट घेतली की असं होतं. पेपरात नेहमी येतं की. घरात कुणी वाचत नाही का?”

काय सांगू त्यांना? वाचते, बाई. मोठ्यानं वाचते.

परवा लुगडं घ्यायला असोद्याला घरी गेले. गोळ्यांचा डबा फेकायला उचलला, तर खाली अंथरलेला कागद तोच. हिरव्या किड्यावर डब्याच्या बुडाचा गोल डाग. उभ्याउभ्या बारीक अक्षरं वाचली. सगळं लिहिलेलं होतं गं. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, मध्येच सोडू नका. लिहिणाऱ्याला कोणत्या तोंडानं दोष देऊ? पण त्यांच्या चित्राला काटे होते, आणि आमची गोळी होती साधी, गुलाबी. वर मोठ्या अक्षरांत नुसतं ‘गोळी’ म्हटलं असतं तर? तरी ह्यांनी ऐकलं असतं का, कोण जाणे. आणि मी तरी दोन ओळी पुढे का वाचल्या नाहीत?

त्यांना हे सांगितलेलं नाही. खाटेवरूनही सकाळी पेपर मागतात. मी भाव वाचते, आणि आजाराचं पान आलं की दोन पानं एकदम उलटते. “आज पेपर पातळ आहे,” म्हणतात. मी “हो” म्हणते.

सोमवारी पट्टी सोडून बघणार आहेत. औषधाचा गुण दिसला नाही तर पाय घोट्याच्या वर कापावा लागेल. करण्यासारखं माझ्या हाती काही नाही. बाटलीतून पडणारे थेंब बघत बसते.

म्हणून म्हणते, बातम्या पाठवू नकोस, तू ये. तुझी पिशवी खांद्याला लावून असोद्याच्या स्टँडपर्यंत आबाच चालत यायचे, गाडी हलेपर्यंत हलायचे नाहीत. आता सारखं विचारतात, पोरगी कधी येते? रविवारी सकाळचीच गाडी धर. या खेपेला तुला सोडायला दारापर्यंतही कुणी येणार नाही, तरी ये.