तुमचं पाणी वाजतंय...

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारची दुपार. दौलताबादच्या रस्त्यावरून आत आमचं नवं घर आहे. मी पूलच्या कडेला बसून आज पाण्यात ॲसिड किती टाकायचं ते बघत होते... आणि गेटची बेल वाजली.

आधी पूलचं सांगते. घर बांधताना सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, एकच हौस होती... स्विमिंग पूल. त्याला लागून जरा उंचावर छोटा स्पा, म्हणजे गरम पाण्याचा हौद, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. स्पा भरला की त्याचं पाणी काळ्या दगडाच्या कठड्यावरून खाली पूलमध्ये पडत राहतं. फोटोत फार छान दिसतं.

काम काढलं तेव्हा पाऊसपाणी बरं होतं. भरायची वेळ आली आणि दुष्काळ पडला. बोअर आटली, आमच्या भागात नळ अजून पोचलेलाच नाही. रिकामा ठेवला तर उन्हानं तडकेल असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, म्हणून टँकर मागवून भरला. तेव्हापासूनच मला कसंतरी व्हायला लागलं होतं.

सुहासची वाळूजला शिफ्ट, त्यामुळं सगळी देखभाल माझ्याकडं आली. पंप रोज चालवावाच लागतो, नाहीतर पाणी हिरवं पडतं. पाणी सारखं वरून पडत राहिलं की त्याचा पीएच चढतो, मग ॲसिड. ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, मग परत क्लोरीन. टँकरचं पाणी जड, कठड्यावर पांढरे थर धरतात, ते घासायचे.

आणि रोज पातळी खाली. गळतंय का, म्हणून पूलच्या पायरीवर भरलेली बादली ठेवून दोन्हीकडचं पाणी ताडून बघितलं. दोन्हीकडं सारखंच उतरलं, म्हणजे गळत नव्हतं... नुसतं ऊन पीत होतं.

उस्मानपुऱ्यात आमचं ऑफिस आहे. तिथं सकाळी पहिला विषय कोणाकडं पाणी आलं, कोणाकडं नाही. मी मान खाली घालून कॉम्प्युटर चालू करायची. घरी पूल आहे हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

तर त्या दुपारी गेट उघडलं. बाहेर डोक्यावर पदर घेतलेली, हातात काठी असलेली एक बाई. मागं आमच्या कंपाउंडला चिकटून तिची मेंढरं उभी, सगळ्यांची तोंडं भिंतीकडं. पाणी मागायला आली असणार, असं मी धरूनच चालले. ह्या पाण्यात औषध असतं, जनावरांना चालत नाही... उत्तर मनात तयार केलं.

ती म्हणाली, "बाई, तुमचं पाणी वाजतंय ना आत... ते आम्ही पुढं जाईस्तोवर बंद ठिवता का? मेंढरं आवाजाला थांबत्यात. हाकलली तरी हालंनात."

पाणी नको का, असं मीच विचारलं.

"मिळालं तर नको कशाला म्हणंल? पण रोजचं तुम्हाला जमायचं नाय. आवाज तेवढा बंद करा."

मी आत जाऊन व्हॉल्व्ह फिरवला. धार थांबली. मेंढरं तरीही बराच वेळ तशीच उभी होती... मग एकेक करून निघाली.

तिचं नाव ठकूबाई. ती आणि तिचा नवरा जवळच्या माळावर मेंढरांचा वाडा टाकून राहत होते. मागं इथून चारी बाजूंनी वाटा होत्या, आता प्लॉट पडले, भिंती झाल्या, आमच्या दारापुढचा रस्ता तेवढा उरला. रोज दुपारी ते तिथूनच जायचे. मी ऑफिसात, पंप दुपारच्या टायमरवर... मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी धार बंद. पण स्पातलं पाणी फिरेना, चारच दिवसांत त्याच्या भिंती बुळबुळीत झाल्या. शेवटी टायमर बदलला, धार पहाटे सुरू केली. पंपाच्या आवाजानं झोप जायची. तसंही झोप कुठं लागत होती...

सासूबाई त्याच आठवड्यात गंगापूरहून राहायला आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टँकर येतो तर पहिला पाईप बाहेर लावायचा. मग तुमचा तलाव."

सुहास म्हणाला, एका कळपाला पाजलं की दहा येतील. त्याचंही चूक नव्हतं. तरी भिंतीबाहेर सिमेंटची कुंडी ठेवली आणि खरंच बाकीचीही जनावरं यायला लागली, दुपारपर्यंत कुंडीचा तळ दिसायचा. पूलची पातळी आम्ही राखायची सोडली. पंपाला लागेल तेवढंच पाणी ठेवलं. सासूबाईंनी स्पा एकदाही गरम करू दिला नाही.

ठकूबाई यायची, सासूबाई तिच्याशी गेटमध्ये बोलत बसायच्या. कुंडी कोरडी असली तरी ती कधी काही म्हणाली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

जूनमध्ये एका सकाळी मी ऑफिसला निघत होते, तेवढ्यात बेल वाजली. ठकूबाईच होती. मागं घोड्यावर सगळं बिऱ्हाड लादलेलं.

"आम्ही निघालो," ती म्हणाली. "आता दुपारचं सोडा तुमचं पाणी."

एवढंच सांगायला ती वाट वाकडी करून आली होती. मी पुढच्या वर्षी याल का विचारलं, तर म्हणाली, वाट ऱ्हायली तर.

पुढच्या रविवारी दुपारी मी व्हॉल्व्ह फिरवला. काळ्या दगडावरून पाणी पडायला लागलं. थोडा वेळ ऐकलं... आणि परत बंद केलं. बाहेर कोणी नव्हतं, तरी.

आपल्या घरातला आवाज भिंतीपलीकडं कोणाला ऐकू जातो, हे मला एका बाईनं न रागावता सांगितलं. ठकूबाई हे वाचणार नाही... पण तिचे आभार कुठंतरी मांडायचे होते, म्हणून इथं.