जावयाचे कान आणि माझं फडकं

मी माझ्या सख्ख्या जावयाला तीन आठवडे कानातनं उठवलं. शिवी नाय, काठी नाय, नुसत्या ओल्या फडक्यानं.

सुनीलराव म्हणजे माझ्या मंगलचा नवरा. लग्नाच्या बँडात सॅक्सोफोन वाजवायचे. पितळी, वाकडा, हत्तीच्या सोंडेसारखा बाजा. मग गावोगाव डीजे आला नि बँड बसला. दोघं माझ्याकडंच राहायला आले. गंगापूर रोडच्या पार टोकाला माझे कोथिंबिरीचे वाफे हायेत, त्याच्या कडेला दोन खोल्या. मालक गेल्यावर जुड्या बांधबांधून पोरगी वाढवली मी. ताटावर एक माणूस वाढलं तर मला काय त्याचं! पण धडधाकट माणूस भिंतीला टेकून बसायचा, ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात धरणाकडच्या एका मोठ्या हॉटेलातनं बोलावणं आलं. शनिवार-रविवार पाहुण्यांपुढं जॅझ वाजवायचं. जॅझ म्हणजे विलायती वाजवणं. समदे मिळून सुरू करतात, मग मधीच एक जण सुटतो नि एकटाच वाजवत ऱ्हातो. त्याला सोलो म्हणतात म्हणे. (आमच्यात असं कुणी सुटलं तर त्याला धरून आणतात.) हॉटेलच्या साहेबानं एक जुनं रेकॉर्डिंग धाडलं. म्हणाला, "यातला सोलो असाच्या असा वाजवून दाखवा, मग नोकरी पक्की." मुदत तीन आठवडे.

आता तो सोलो म्हणजे पत्र्यावर हरभरे ओतल्यागत! कुठला सूर कुठं गेला, पत्ता नाय. मग सुनीलरावांनी एका मित्राकडनं यंत्र आणलं. जेवणाच्या डब्याएवढं काळं खोकं. त्यात गाणं घातलं की पाहिजे तेवढं हळू वाजतं, नि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. ऐकायचं, वहीत सारेगम लिहायचं, बाजावर वाजवून बघायचं. सकाळी धरलेली एक ओळ दुपारच्या भाकरीला सुटायची.

हळू केलेला बाजा तुमी कधी ऐकलाय? नका ऐकू. शेजारची पार्वताबाई पहिल्याच दिवशी पळत आली.

"अगं, म्हैस अडली का तुझी?"

"माझ्याकडं कुठं म्हैस हाय?"

"मग वरडतंय कोण?"

"जावईबापू."

बाई तोंडाला पदर लावून परत गेली.

मी काय बोलणार? पोरगा असता तर खोकं वाफ्यात फेकलं असतं. जावयाला बोलायची सोय नाय. वरनं चहा करून द्यायचा नि इचारायचं, "जमतंय ना?"

पहिल्या दिवशी जमलं बी. यंत्र नि बाजा एका सुरात! सुनीलराव हसले. लग्नानंतर दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी धूळ पुसत व्हते. खोक्यावर एक गोल बटण हाय, शेगडीला असतं तसं, नि त्याच्यावर पांढरी रेघ. बघते तर रेघ तिरकी! मला भिंतीवरचा फोटो बी तिरका चालत नाय. केली सरळ. झाडलोट उरकून वाफ्यावर गेले.

त्या दिवसापासनं बिघडलं. यंत्रातला सूर वर, बाजाचा सूर खाली. केसाएवढा फरक, पण केस भाकरीत निघाल्यागत माणूस बेजार. आधी त्यांनी बाजाच्या तोंडातली पट्टी बदलली. मग तोंड आत ढकललं, बाहेर ओढलं. मग बाजा शहरातल्या कारागिराकडं नेला. तो म्हणाला, "बाजा एक नंबर हाय. वाजवणारा तपासा."

म्हणून वाजवणारा तपासला! डॉक्टरनं कानातनं मळ काढला, पिचकारी मारली, थेंब दिले. फरक शून्य. मंगलनं मग नवऱ्याला वणीला नेलं. देवीच्या समद्या पायऱ्या चढवल्या, नारळ फोडला. घरी येऊन यंत्र लावलं, पुन्हा तेच.

"तुमच्या मनानं घेतलंय," मंगल म्हणाली.

"मन नाही गं, कान गेलेत माझे! बँडच्या ढोलाशेजारी पंधरा वर्षं उभा होतो मी!"

मी रोज पुसत व्हते. रेघ हलली तर नाय ना, ते बी बघत व्हते.

परीक्षेच्या आदल्या सकाळी माणसानं हाय खाल्ली. बाजा पेटीत घातला, खोकं पिशवीत. म्हणाले, "मामी," (सासूला मामी म्हणायची आमच्यात रीत हाय) "मी उद्या जात नाही. यंत्र परत देऊन येतो."

"द्या, पण मळकं देऊ नका," म्या म्हणलं. पिशवीतनं काढलं, पुसलं, नि जरा कौतुकानंच सांगितलं, "बघा कसं ठेवलंय. आणलं तवा ही रेघ वाकडी व्हती. म्याच सरळ केली. रोज ध्यान ठेवलं."

सुनीलराव माझ्याकडं बघत ऱ्हायले. मग रेघेकडं. मग परत माझ्याकडं.

"मामी... ती वाकडीच पाहिजे होती. रेकॉर्डिंग जुनं आहे, सूर चढलाय. मी मुद्दाम सुराचं बटण वाकडं करून बाजाला जुळवलं होतं."

जावयाला सासू बोलू शकत नाय, तसंच सासूला जावई बी. मग खाली बसले नि रेघ वाकडी केली. कान परत आले!

दिवसभर तो सोलो घासला त्यांनी. दुसऱ्या दिवशी निघताना मंगल म्हणाली, "आईला संगं न्या. घरी ऱ्हायली तर आणखी कायतरी सरळ करील."

हॉटेलात थंडगार हॉल. साहेब, दोन बाया, एक पियानोवाला. मी कोपऱ्यात खुर्चीच्या कडंला टेकले. जावयांनी डोळे मिटले नि सुरू केलं.

अगं बाई! काय ती पळापळ! मी तीन आठवडे तो सोलो रांगताना ऐकला व्हता. मला वाटलं, माणूस घाबरला, हातातनं बाजा सुटला! राहवलंच नाय. उठले नि वरडले,

"जावईबापू, सावकाश! कोण मागं लागलंय?"

बाजा थांबला. पियानो थांबला. साहेबानं इचारलं, "या कोण?"

सुनीलराव खाली मान घालून म्हणाले, "सासूबाई."

साहेबानं मला थंड पाणी दिलं, दाराबाहेर बाकड्यावर बसवलं नि दार लावून घेतलं. मग आतनं परत तीच पळापळ ऐकू आली, नि टाळ्या.

नोकरी लागली. दोन अटी हायेत. काळा सदरा घालायचा, नि सासूला आणायचं नाय.